मी कापलेली चार मिनिटं

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात आपल्या कामाविषयी लिहावं एवढं माझं वय नाही आणि एवढी माझी नोकरीही नाही. या अंकात दरवर्षी कुणी तीस वर्षं विमानाची इंजिनं तपासलेली असतात, कुणी लोकांची हृदयं उघडून परत शिवलेली असतात. मी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आठवड्यातले अठरा तास लायब्ररीच्या तळघरात हेडफोन लावून बसतो. मंडळाच्या संपादक काकूंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "काकू, मला कसला अनुभव?" त्या म्हणाल्या, "अरे, यंग जनरेशनचं एक तरी आर्टिकल हवंय. बाकीची मुलं इंग्लिशमध्ये देतात, मग ट्रान्सलेट कोण करणार? तुला मराठी लिहिता येतं ना?" म्हणजे माझी निवड अनुभवावर झालेली नाही, देवनागरीवर झाली आहे. वाचताना एवढं लक्षात ठेवावं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मामाने कागद केले म्हणून आम्ही बार्शीकडून शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो, तेव्हा मी नववी पास होतो. वडील एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. आई इंडियन ग्रोसरीच्या मागच्या खोलीत चपात्या लाटते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फ्रीजरमध्ये त्या असतील. माझं काम काय ते आई लोकांना असं सांगते, "तो म्हाताऱ्या माणसांचं ऐकून घेतो." याहून नेमकं मलाही सांगता येणार नाही. फक्त त्यातला 'ऐकून घेतो' हा भाग पूर्ण खरा नाही.

लायब्ररीचा एक प्रकल्प आहे. बाहेरून येऊन आमच्या भागात राहिलेल्या लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवायच्या. मी लागलो त्या वर्षी किप्सिगिस लोकांची पाळी होती. केनियाच्या पश्चिमेला, चहाच्या मळ्यांच्या डोंगराळ मुलखात हे लोक राहतात. मला तोपर्यंत केनिया म्हणजे क्रिकेटची एक टीम एवढंच ठाऊक होतं. डॉना नावाच्या साठीच्या ग्रंथपाल बाई प्रश्न विचारतात आणि बाकीचं मी करतो. बाकीचं म्हणजे काय, तर दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा ग्लास. पाण्यात बर्फ घालायचा नाही, तो वाजतो. मनगटातली बांगडी, खिशातली नाणी बाहेर काढून ठेवायला सांगायची. खोलीतला छोटा फ्रिज बंद करायचा आणि नंतर आठवणीने चालू करायचा. हे मी दोनदा विसरलो आणि डॉनाचं दही दोनदा आंबलं. ती काही बोलली नाही. अमेरिकेत माणसं बोलत नाहीत तेव्हा जास्त भीती वाटते.

मुलाखत झाली की ती पुन्हा ऐकून दर पाच मिनिटांना एक ओळ लिहायची. 'शाळा, अनवाणी.' 'पहिला बर्फ, घसरणे.' ही झाली अनुक्रमणिका. त्यानंतर लोकांना ऐकायला द्यायची प्रत साफ करायची. माइक तपासणं, खोकणं, 'इथे बसू का', असं पहिल्या प्रश्नाच्या आधीचं सगळं कापायचं. पण त्याहीआधी मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं सर्व्हरवर चढवायचं आणि मगच कार्ड पुसायचं. या क्रमाला फार महत्त्व आहे. कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी तो मला सांगितला होता, आणि पहिल्या दिवशी मला फक्त माझ्या इंग्रजीची काळजी होती.

शिवाय एक फॉर्म भरायचा असतो. नाव, जन्मगाव, भाषा. चौथी ओळ होती: कूळ.

तो शब्द बघून मी पेन खाली ठेवलं. माझं आडनाव सावरगावकर. ते आमचं मूळचं नाही. वडिलांना शाळेत घालताना आजोबांनी ते घेतलं, कारण आधीचं आडनाव ऐकलं की मुलाला कुठे बसवायचं हे मास्तरांना लगेच कळायचं. नव्या आडनावाने एवढाच फरक पडला की लोकांना एक प्रश्न जास्त विचारावा लागतो. इथे आल्यावर पहिल्याच गणपतीत एका काकांनी मला प्रसादाच्या रांगेत धरलं.

"आडनाव काय म्हणालास?"

"सावरगावकर."

"म्हणजे मूळचे कोण?"

"मूळचे सावरगावचे."

"ते कळलं रे. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीचं आजोबांना माहीत होतं, काका. ते गेले."

काका "अरेरे" म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातावर शिरा ठेवला. शिरा चांगला झाला होता. काका हे वाचत असतील तर माझा राग नाही. मी फक्त तेव्हापासून तयारीत असतो.

तर अशा तयारीतल्या मुलाच्या हातात तो फॉर्म पडला. मी मनाशी ठरवलं की कूळ विचारायचं नाही. सातासमुद्रापलीकडे आलेल्या म्हाताऱ्या माणसांना तळघरात बसवून त्यांची जात लिहून घ्यायची, हे पाप आपल्या हातून होणार नाही. मी त्या ओळीत आडवी रेघ मारायला लागलो. रेघ मारताना मला आतून फार उदात्त वाटायचं. समाजसुधारक व्हायला इतकी थोडी शाई लागते हे मला माहीत नव्हतं.

अडचण एकच होती. ही माणसं न विचारता सांगायची.

पहिले आले श्री. कोएच. निवृत्त गणिताचे मास्तर, मुलाकडे राहायला आलेले, ऑगस्टमध्येही कोट आणि हॅट. डॉना कागद आणायला वर गेली होती आणि मी त्यांच्या कॉलरला माइक लावत होतो. त्यांनी विचारलं, "मुला, तुझं कूळ कोणतं?"

मी म्हणालो, "आमच्यात तसं काही नसतं, सर."

"अजिबात नसतं?"

"नाही."

"मग कुणाशी लग्न करायचं नाही, हे तुला कसं कळणार?"

"ती यादी आईकडे आहे."

ते मोठ्याने हसले. डॉना परत आल्यावर तिला म्हणाले, "या मुलाला म्हणे वाटच नाही. मग हा इथवर आला कसा?" त्यांच्या भाषेत कुळाला ओरेत म्हणतात आणि रस्त्यालाही ओरेत म्हणतात, हे त्यांनी समजावलं. मला तो टोमणा वाटला. मग विसरलेला चष्मा आणायला डॉना पुन्हा वर गेली आणि ती येईपर्यंत ते मशीनकडे बघून सावकाश बोलत राहिले: आमचं कूळ अमुक, आम्ही मधमाशीचे, माझ्या आईचं कूळ तमुक, बापाच्या आईचं आणखी तिसरं. चार मिनिटं. सगळे असंच करायचे, आणि डॉना माइक लावून झाल्यावरच खाली यायची. मशीन चालू झालं की शाळेत हजेरी दिल्यासारखं आधी कूळ आणि कुळाचा प्राणी, मग डॉनाचा पहिला प्रश्न.

आणि नियम काय, तर पहिल्या प्रश्नाच्या आधीचं कापायचं.

पहिल्या दोन मुलाखतींत माझा क्रम चुकला. आधी कापलं, मग चढवलं, मग कार्ड पुसलं. तिसऱ्या वेळी डॉनाच्या बोलण्यातून माझ्या लक्षात आलं की हे उलटं आहे. इथपर्यंत ती चूक होती. यापुढचं मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. क्रम कळल्यावरही मी तसंच करत राहिलो. मूळ प्रतीत ती मिनिटं राहिली तर उद्या कुणीतरी उकरून काढेल, त्यापेक्षा गेलेली बरी, असं मला वाटलं. अशा अकरा मुलाखती झाल्या. अकरा वेळा मी, ज्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं त्यांना, ज्यापासून सुटका नको होती त्यातून सोडवलं.

नीट ऐकलं असतं तर मला बरंच आधी कळलं असतं. एक आजी नावांविषयी सांगत होत्या. बाळ जन्मलं की घरातल्या म्हाताऱ्या बायका जमून गेलेल्या पूर्वजांची नावं एकेक करून घेतात, आणि ज्या नावाला बाळ शिंकेल तो पूर्वज परत आला असं समजतात. डॉनाने विचारलं, "आणि शिंकलंच नाही तर?" आजी म्हणाल्या, "मग तपकीर कशाला असते?" ते नाव घरात राहतं. रोजच्या हाकेचं नाव जन्मवेळेवरून पडतं. कोएच पहाटेचा, किप्रोनो संध्याकाळी शेळ्या घरी परतताना झालेला, चेबेत दिवसाउजेडी झालेली. म्हणजे या लोकांच्या नावावरून घड्याळ कळतं, कूळ कळत नाही. ते तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगणारा गेला की गेलं. हे सगळं त्या आजी माझ्या कानात सांगत होत्या. मी अनुक्रमणिकेत लिहिलं: 'नाव ठेवणे, तपकीर.'

नोव्हेंबरच्या शेवटी रिचर्ड नावाचे गृहस्थ आले. ते आयोवातल्या एका मांसाच्या कारखान्यात कामाला होते, एकटे राहायचे, तिकडे त्यांच्या भाषेचं कुणी नव्हतं. त्यांची पुतणी त्यांना तीन तास गाडी चालवून घेऊन आली होती. ती बाहेर बाकावर बसून राहिली. ते फार हळू बोलायचे, आवाजाची पातळी धरता धरता मला घाम फुटला. मधेच त्यांनी गरम होतं म्हणून खिडकी उघडायला लावली. उघड्या खिडकीत ध्वनिमुद्रण म्हणजे आमच्या धंद्यात पाप, त्यामुळे मी तोंड वाकडं केलं. डिसेंबरमध्ये मी त्यांना नेहमीप्रमाणे अनुक्रमणिका आणि फॉर्मची प्रत पुतणीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवली आणि विसरलो.

मे महिन्यात त्यांची पुतणी एकटी आली. तिचं नाव चेबेत. शिकागोतच जन्मलेली, नर्स, बोलणं अगदी शिकागोचं. हातात मी पाठवलेला कागद होता, चार घड्या पडलेला, वर चुंबकाचा गोल डाग. इतके महिने तो तिच्या फ्रिजवर होता.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"इथे कुळापुढे रेघ आहे. म्हणजे अंकलनी सांगितलं नाही?"

हो म्हणणं फार सोपं होतं. मी म्हणालोही, "हो. नाही सांगितलं."

ती कागदाकडे बघत राहिली. "गंमत आहे. येताना गाडीत तीन तास ते तेच पुटपुटत होते. त्यांच्या भाषेत. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाले, मशीनला नीट सांगायला हवं, चुकायला नको. मला कंटाळा आला. मी रेडिओ लावला."

मग तिने सांगितलं की अंकल फेब्रुवारीत गेले.

मी म्हणालो, "बसा. मी आत्ता खोटं बोललो."

ती बसली. मी सगळं सांगितलं. सांगताना मी सावरगाव, आजोबा, प्रसादाची रांग असं बरंच मधे आणलं. घाबरलो की माझं असंच होतं. तिने मधे थांबवलं. "तुझ्या आजोबांचं वाईट वाटतं. पण माझं ऐक." तिचे वडील ती सहा वर्षांची असताना वारले. ते घरच्यांशी भांडून अमेरिकेत आले होते आणि त्यांनी मागचं काही सांगितलं नाही. आई शिकागोचीच, तिला सासरच्या भाषेतले तीन शब्द येतात आणि त्यातले दोन जेवणाचे आहेत. उरले होते फक्त अंकल. जानेवारीत हॉस्पिटलच्या कॅफेटेरियात तिला किप्रोनो भेटला. तोही किप्सिगिस, पण तिकडे जन्मलेला, आई इथे त्याच्याजवळ राहते. पहिल्याच दिवशी त्याने हसत विचारलं होतं, "तुझं ओरेत कोणतं?" ती म्हणाली, "माहीत नाही." दोघांनी ते हसण्यावारी नेलं. आता ऑगस्टमध्ये लग्न होतं. त्याआधी त्याच्याकडची वडीलधारी माणसं रीतसर मागणी घालायला येणार होती आणि तिथे पहिला प्रश्न कुळाचा. एकाच कुळाचे निघाले तर ते भाऊबहीण. लग्न नाही.

"अंकल आजारी होते, तेव्हा मला हे विचारायचं सुचलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमच्याकडे आहे ना. लायब्ररीत आहे म्हणजे कुठे जातंय?"

मग डॉनाला सांगितलं. आम्ही तिघांनी कार्डाची पेटी उघडली, बॅकअप पाहिले. काही नव्हतं. शेवटी डॉना म्हणाली, "त्या रेघा बघून मला वाटत होतं, ही माणसं कूळ सांगत नाहीत. मी त्यांचा मान राखत होते." मग मला म्हणाली, "तू तर त्या खोलीत होतास. तुला काहीच आठवत नाही?"

हाच प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. तो शब्द माझ्या हेडफोनमधून गेला होता. या देशात तो शेवटचा ऐकणारा माणूस मी होतो, आणि मी आवाजाच्या पातळीचा हिरवा दिवा लाल होतो का ते बघत होतो.

घरी आईला सांगितलं. ती दमून पाय शेकत बसली होती.

"म्हणजे तू बाईच्या बापाचं कूळ कापलंस?"

"मला वाटलं जात आहे."

"जात वेगळी, कूळ वेगळं. आपलं देवक काय आहे?"

"काय आहे?"

"उंबर. माझ्या लग्नात मांडवात बसवलं होतं. उंबराला आपण कुऱ्हाड लावत नाही, आणि उंबरवाल्यात सोयरीक करत नाही. यात वर-खाली काय आहे?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुला आडनाव विचारलं तरी ताप येतो." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्या वारलेल्या काकांचं पुढचं ऐकलं असशील ना? आता परत ऐक. सगळं ऐक. म्हातारी माणसं एकच गोष्ट एकदा सांगत नाहीत."

कॉलेजात मी संशोधन पद्धती नावाचा विषय घेतला होता. त्यात हे नव्हतं.

दोन तास चाळीस मिनिटांची ती मुलाखत मी तीन दिवसांत चार वेळा ऐकली. रिचर्ड कारखान्याविषयी बोलतात, थंडीविषयी, एका टेकडीवरच्या शाळेविषयी जिथून खाली नदीचं वळण दिसायचं. कूळ नाही. मग एके ठिकाणी खिडकी उघडल्याचा आवाज, माझ्या खुर्चीची नाराज करकर, आणि बाहेरून लांबून, उंचावरून, कर्णा फुटल्यासारखा कर्कश कल्लोळ. नोव्हेंबरात आमच्यावरून क्रौंच पक्ष्यांचे थवे दक्षिणेकडे जातात. डॉना प्रश्न विचारत होती. रिचर्ड म्हणाले, "थांबा. त्यांना जाऊ द्या." खुर्ची सरकल्याचा आवाज. ते उभे राहिले होते. मग अर्धं मिनिट फक्त पक्षी. मग पुन्हा खुर्ची, आणि ते म्हणतात, "इथले राखाडी असतात. आमच्याकडच्यांच्या डोक्यावर तुरा असतो. पण आपलेच."

या जागेवर माझी अनुक्रमणिका म्हणते: 'पक्ष्यांचा गोंगाट. वगळलं तरी चालेल.'

मी चेबेतला फोन केला आणि आम्ही दोघं श्री. कोएच यांच्याकडे गेलो. जाताना मी त्यांना काय सांगायचं याची इंग्रजीत तालीम केली होती, ती दारातच विसरलो. त्यांचीही चार मिनिटं मी कापली होती, हे आधी सांगितलं. त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

"का?"

मी म्हणालो की आमच्याकडे कूळ विचारतात ते माणसाला कुठे बसवायचं हे ठरवायला.

ते म्हणाले, "तुला वाटतं हे आम्हाला माहीत नाही? आमच्यात तलाई नावाचं कूळ आहे, सिंहाचं. त्यांच्यातून भविष्य जाणणारे व्हायचे. इंग्रजांना त्यांची भीती वाटली, म्हणून त्यांनी कुळाचं नाव बघून बायकामुलांसकट सगळ्यांना उचललं आणि लांब तळ्याकाठच्या रोगट रानात नेऊन टाकलं. त्यानंतर कितीतरी जणांनी ते नाव लपवलं. लपवणाऱ्याला मी कधी हसलो नाही. पण ते त्यांनी स्वतः लपवलं. त्यांच्या वतीने कुणी कॉलेजच्या पोराने नाही."

मी मान खाली घातली. मग त्यांनीच चहा मागवला आणि शिकवायला बसले, कारण मास्तर निवृत्त होत नाहीत. कूळ म्हणजे परक्या गावात संध्याकाळ झाली तर कोणत्या दारात उभं राहायचं, ते. कुणाच्या चुकीसाठी तुम्हाला मान खाली घालावी लागेल आणि तुमच्यासाठी कोण घालेल, ते. आणि कुठल्या जनावराला दगड मारायचा नाही, ते. मी विचारलं, त्यातलं सगळ्यात वरचं कूळ कोणतं? ते म्हणाले, "ज्याची पोरं परीक्षेत पास होतात ते."

मग आम्ही त्यांना ती जागा ऐकवली. पक्षी ऐकताना ते हलले नाहीत. "क्रौंच," ते म्हणाले. "हा माणूस क्रौंचाचा आहे."

मला इतका आनंद झाला की मी चेबेतकडे बघून हसलो. ती हसत नव्हती.

"किप्रोनोसुद्धा क्रौंचाचा आहे," ती म्हणाली.

आता माझी कामगिरी मोजा. आधी मी तिचं कूळ घालवलं. आणि मग मोठ्या कष्टाने, चार वेळा ऐकून, तेवढंच शोधून आणलं जे तिचं लग्न मोडू शकेल.

कोएच सर म्हणाले, "थांब. एका पक्ष्याच्या अनेक वाटा असतात. पक्षी एक म्हणून कूळ एक, असं नाही. त्या कुळांची नावं मला माहीत आहेत. मला ती टेकडी आणि नदीचं वळण परत ऐकव." त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याला केनियात फोन लावला, तो आता तिकडे कुठेतरी हेडमास्तर होता. त्याने आणखी कुणाला विचारायचं कबूल केलं. शाळा, नदी, रिचर्ड नावाचा थोरला आणि भांडून अमेरिकेला गेलेला धाकटा, एवढ्यावर शोध सुरू झाला.

मधले पाच आठवडे मी कामाला जात होतो. डॉनाने मला काढलं नाही. उलट उरलेल्या दहा जणांकडे एकेक करून जायला लावलं, माफी मागून ती मिनिटं पुन्हा ध्वनिमुद्रित करायला. नऊ जणांनी पुन्हा सांगितलं. एका आजोबांनी नकार दिला. म्हणाले, "मी एकदा सांगितलं होतं. ऐकणारा तू होतास." ती रेघ तशीच आहे.

या सगळ्यांनी मला माझं कूळ विचारलं. मी 'उंबर' म्हणायला शिकलो. त्यांच्यातल्या एका आजींनी मग मला विचारलं की उंबराची मुलगी इथे एखादी आहे का, म्हणजे तिच्याशी मला लग्न करता येणार नाही हे त्या लक्षात ठेवतील. मी म्हणालो, उंबराची काय, कशाचीच नाही.

चेबेतचा फोन जुलैत आला. शनिवारी दुपारी मी आईच्या दुकानात कणकेची पोती आत घेत होतो. मी पोतं तिथेच टेकवलं आणि मागच्या खोलीत गेलो. आईने माझं तोंड बघून लाटणं थांबवलं.

चेबेत म्हणाली की वडिलांचं घर सापडलं. तिथे तिच्या वडिलांची एक बहीण आहे, म्हणजे तिची आत्या, ती व्हिडिओवर दहा मिनिटं नुसती रडली. चुलत भावंडं इतकी आहेत की तिला नावं लिहून घ्यावी लागली. मग तिने मला कूळ सांगितलं. ते मी इथे छापत नाही, कुणाचं कुठे छापायचं हे ठरवणं मी सोडलं आहे.

मी विचारलं, "आणि किप्रोनोचं?"

"तेच," ती म्हणाली. "वाट एकच."

मी म्हणालो की माझ्यामुळे झालं, डिसेंबरच्या त्या कागदावर हे असतं तर जानेवारीत पहिल्याच दिवशी तुम्हाला कळलं असतं, तुम्ही नुसते हसला असता, भाऊ मिळाला म्हणून कॉफी प्यायला असता.

"हो," ती म्हणाली. "तसं झालं असतं." तिने ते माझ्यासाठी जराही सौम्य केलं नाही. मग म्हणाली, "त्याची आई दर रविवारी माझ्याकडे येते. आधी मला होणारी सून म्हणायची, आता लेक म्हणते. डबा घेऊन येते आणि समोर बसून खायला लावते. किप्रोनो येत नाही, त्याला थोडा वेळ लागेल. तो म्हणाला होता, आपण अमेरिकेत आहोत, चेबेत, इथे कोण विचारतंय?"

"मग?"

"मी म्हणाले, मी विचारलं ना."